व्हर्च्युअलबॉक्सच्या उबुंटूत कॉपी-पेस्ट आणि शेअर्ड फोल्डर, दोन्ही ठप्प

दुपारचा_चहा:

नमस्कार मंडळी, लिनक्समध्ये अगदीच नवखा आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. लॅपटॉपवर विंडोज ११, रॅम १६ जीबी, त्यात व्हर्च्युअलबॉक्स ७.१ (विंडोजच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून उबुंटू २४.०४ चढवलंय. या सेमला ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल आहे, प्रोग्रॅम लिनक्सवर रन करायचे आणि कोड, आउटपुट सगळं वर्डमध्ये टाकून जर्नल द्यायचं. वर्ड विंडोजमध्ये, प्रोग्रॅम उबुंटूत आणि मधे कॉपी-पेस्ट नाही, त्यामुळे सध्या स्वतःच स्वतःला मेल करत बसलोय.

काय काय केलंय ते सांगतो. डिव्हायसेस मेनूत शेअर्ड क्लिपबोर्ड बायडायरेक्शनल (दोन्ही दिशांनी) केलंय, ड्रॅग अँड ड्रॉपपण केलंय, काही फरक नाही. शेअर्ड फोल्डर्समध्ये डी ड्राइव्हवरचं लॅब नावाचं फोल्डर दिलंय, ऑटो-माउंटला टिक आहे, उबुंटूत ते कुठेच दिसत नाही. एका व्हिडिओत म्हणाले गेस्ट ॲडिशन्सची सीडी घाला, घातली, डाव्या पट्टीत सीडीचं चिन्हपण आलं, आता पुढे टर्मिनलमध्ये कमांड द्या म्हणतात तर इथे टर्मिनलच उघडत नाही! क्लिक केलं की जरा वेळ गोल गोल फिरतं आणि गप्प. मग उजवा कंट्रोल आणि एफ३ दाबून त्या काळ्या स्क्रीनवर गेलो, तिथे सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायला लागतं ते) मारलं तर पासवर्ड घेऊन वर सांगतं की व्हीबॉक्सयूजर सुडोअर्स फाइलमध्ये नाही. माझ्याच मशीनवर मीच परका. सगळं उडवून परत टाकू का?

कर्नलकाका:

उडवायची गरज नाही, थांब जरा. तुझं यूजरनेम व्हीबॉक्सयूजर आहे यातच सगळं आलं. व्हर्च्युअलबॉक्स ७ पासून नवीन मशीन बनवताना आयएसओ, म्हणजे उबुंटूची इन्स्टॉलची फाइल, निवडला की तो आपणहून अनअटेंडेड इन्स्टॉल करतो, म्हणजे काही न विचारता सगळं स्वतः टाकून मोकळा होतो. त्यात यूजर व्हीबॉक्सयूजर, पासवर्ड चेंजमी, आणि तो यूजर सुडो ग्रुपमध्ये घालत नाही. टर्मिनल न उघडणं हेपण त्याचंच पिल्लू आहे, भाषेची सेटिंग म्हणजे लोकेल अर्धवट लागलेलं असतं आणि नोम टर्मिनलला यूटीएफ-८ नसलेलं लोकेल चालत नाही. असल्या प्रश्नात लोक थेट क्लिपबोर्डच्या मागे लागतात आणि मूळ दुखणं भलतीकडेच असतं.

आधी सुडो. त्याच काळ्या स्क्रीनवर सु, स्पेस, डॅश, एंटर. रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिनचा, पासवर्ड तोच, चेंजमी, तू बदलला असशील तर तुझा. मग यूजरमॉड -एजी सुडो व्हीबॉक्सयूजर. त्यातला ए छोटा आणि जी मोठा, आणि तो ए विसरलास तर बाकी ग्रुपांतून बाहेर पडशील. इथे मी देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात रोमनमध्ये कर.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे रीजन अँड लँग्वेज, भाषा बदलून इंग्लिश इंडिया किंवा युनायटेड किंगडम जे असेल ते लाव आणि मशीन रीस्टार्ट. टर्मिनल उघडेल.

आता मुख्य गोष्ट. मेनूतलं बायडायरेक्शनल हे फक्त विंडोजच्या बाजूने दिलेली परवानगी आहे. उबुंटूच्या आत ते ऐकायला कुणीतरी बसलेलं लागतं, ते म्हणजे गेस्ट ॲडिशन्स (गेस्ट म्हणजे आतली सिस्टिम, होस्ट म्हणजे बाहेरची). फोल्डरचंही तेच, आत सर्व्हिस चालू नसेल तर ऑटो-माउंटची टिक नुसती शोभेची. तर एपीटी (उबुंटूत सॉफ्टवेअर टाकायची कमांड) अपडेट मारून बिल्ड-एसेन्शियल, डीकेएमएस, बीझिप२ आणि तुझ्या चालू कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, लिनक्स-हेडर्स टाकून घे, कारण ॲडिशन्सवाला तिथल्या तिथे कर्नल मॉड्यूल कंपाइल करतो. मग सीडी उघड, रिकाम्या जागेत राइट-क्लिक, ओपन इन टर्मिनल, आणि व्हीबॉक्सलिनक्सॲडिशन्स डॉट रन ही फाइल सुडो लावून चालव. शेवटी काय छापतो ते वाच, नुसतं बघून सोडून देऊ नको. फेल म्हणाला तर व्हार, लॉग मध्ये व्हीबॉक्सॲड-सेटअप डॉट लॉग फाइल आहे ती इथे टाक.

पुढच्या वेळी मशीन बनवताना स्किप अनअटेंडेड इन्स्टॉलेशनला टिक कर, निम्मा त्रास तिथेच वाचतो.

शॉर्टकट_सम्राट:

एवढं रामायण कशाला, उबुंटूच्या रेपोतच (तयार पॅकेजच्या साठ्यात) आहे की. एपीटी इन्स्टॉल व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-युटिल्स व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११, रीबूट, विषय संपला. कंपाइल नाही की हेडर्स नाहीत, उबुंटूच्या कर्नलसोबत व्हीबॉक्सचे मॉड्यूल आधीच येतात.

कर्नलकाका:

सम्राट, तुझंही बरोबर आहे, व्हीबॉक्सएसएफ, म्हणजे शेअर्ड फोल्डरचं मॉड्यूल, लिनक्सच्या मेन कर्नलमध्ये ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून आहेच. पण रेपोतलं पॅकेज त्या रिलीजला गोठलेलं असतं आणि याच्या होस्टवरचा व्हर्च्युअलबॉक्स ७.१ आहे. वेलँडवर (लिनक्समध्ये खिडक्या दाखवणारी, एक्स११ नंतरची पद्धत) क्लिपबोर्ड शेअरिंगचा सपोर्ट ७.१ मध्ये आला, २०२४ साली. उबुंटू २४.०४ डिफॉल्ट वेलँडवर सुरू होतं, तिथे जुन्या ॲडिशन्सचा क्लिपबोर्ड धड चालत नाही आणि पोरगा परत इथे येऊन विचारेल. म्हणून सीडीवरचंच टाक म्हणतोय.

आणि चहा, एक काहीतरी कर. आधी रेपोतलं, मग वरून सीडीतलं असं दोन्ही टाकलंस तर एकमेकांच्या फाइली तुडवतात आणि कुठलं चालू आहे तेच कळत नाही. रेपोतलं टाकलं असशील तर आधी पर्ज कर, म्हणजे मुळासकट काढून टाक.

दुपारचा_चहा:

काका, सुडो आला, टर्मिनल उघडलं, ॲडिशन्स विनातक्रार बसले!! स्क्रीनपण आता खिडकीच्या मापाने मोठी होते, ते बोनस.

पण अर्धंच झालंय. फोल्डर आता दिसतंय, एसएफ अंडरस्कोर लॅब नावाने, पण त्यावर कुलूप आहे, उघडलं की परमिशन नाही म्हणतो. आणि कॉपी-पेस्टचं विचित्र आहे, विंडोजमधून कॉपी करून उबुंटूच्या टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट होतं, टर्मिनलमध्ये होत नाही. उलट्या दिशेने टर्मिनलमधून काहीच निघत नाही, कंट्रोल सी दाबलं की चालू प्रोग्रॅमच बंद पडतो 😭

नाव_नको_काम_सांग:

हसू आवरत नाहीये, पण प्रत्येकाचं होतं हे. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल सी म्हणजे चालू प्रोग्रॅमला थांब म्हणणं, ही विंडोजच्याही आधीची रीत आहे. तिथे कॉपीला कंट्रोल शिफ्ट सी आणि पेस्टला कंट्रोल शिफ्ट व्ही. क्लिपबोर्ड तुझा व्यवस्थित आहे.

अजून एक, लिनक्समध्ये नुसतं माउसने सिलेक्ट केलं आणि मधलं बटण दाबलं तरी पेस्ट होतं, पण तो वेगळा क्लिपबोर्ड, प्रायमरी सिलेक्शन म्हणतात त्याला, त्यातलं विंडोजकडे जाईल या भरवशावर राहू नको. रीतसर कॉपी कर.

कुलुपाचं: ते फोल्डर माउंट होतं मीडिया फोल्डरच्या आत, मालक रूट आणि ग्रुप व्हीबॉक्सएसएफ. तू त्या ग्रुपात नाहीस म्हणून कुलूप. सुडो यूजरमॉड -एजी व्हीबॉक्सएसएफ आणि पुढे तुझं यूजरनेम. मग रीबूट. लोक कमांड मारतात आणि लगेच फोल्डर उघडून बघतात, अजून कुलूपच, मग चिडून सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) करत सुटतात आणि त्याने व्हीबॉक्सएसएफवर काडीचा फरक पडत नाही, कारण तिथली परमिशन माउंट होतानाच ठरते. ग्रुप बदललेला नवीन लॉगिनलाच लागू होतो. रीबूटनंतर टर्मिनलमध्ये ग्रुप्स एवढंच टाइप कर, यादीत व्हीबॉक्सएसएफ दिसलं की झालं.

ठाण्याची_टेस्टर:

दादा लोकांनी सगळं सांगितलंय, फक्त व्हीएमवेअर (व्हर्च्युअलबॉक्ससारखंच दुसरं सॉफ्टवेअर) वापरणारे हा धागा वाचतील म्हणून लिहिते. वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, ऑफिसच्या कामालासुद्धा, त्यामुळे बरेच जण तिकडे वळलेत आणि तिथे हीच रड वेगळ्या नावाने आहे. लिनक्समध्ये ओपन-व्हीएम-टूल्स टाकतात आणि क्लिपबोर्ड चालत नाही म्हणून बसतात. क्लिपबोर्डसाठी ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप हे वेगळं पॅकेज आहे, तेपण लागतं. नुसतं पहिलं पॅकेज बिनस्क्रीनच्या सर्व्हरला पुरतं.

फोल्डरसाठी आधी व्हीएमवेअर-एचजीएफएसक्लायंट ही कमांड मारा, शेअरचं नाव आलं म्हणजे होस्टच्या बाजूचं काम नीट आहे. मग एमएनटीच्या आत एचजीएफएस फोल्डर स्वतः बनवा आणि व्हीएमएचजीएफएस-फ्यूजने माउंट करा, त्यात अलाउ अंडरस्कोर अदर हा पर्याय विसरू नका. तो नसला तर सुडोने माउंट केलेलं फोल्डर फक्त रूटला दिसतं आणि आपल्याला रिकामं किंवा परमिशन डिनाइड. कायमचं हवं असेल तर हेच माउंट एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी), त्या फाइलच्या पद्धतीने ओळ लिहून.

आणि चहा, बायडायरेक्शनल ठेवणारच असशील तर एक लक्षात घे, आता विंडोजमध्ये तू कॉपी केलेलं सगळं, पासवर्ड मॅनेजरमधला पासवर्ड धरून, उबुंटूतला कुठलाही प्रोग्रॅम वाचू शकतो. तुझ्या जर्नलला काही धोका नाही. पण मी टेस्टिंगसाठी कुठून कुठून आलेल्या फाइली व्हीएममध्ये उघडते, तिथे क्लिपबोर्ड डिसेबल्ड आणि शेअर्ड फोल्डर रीड-ओन्ली. गेस्ट टू होस्ट असा एकतर्फी पर्यायपण आहे मेनूत, आउटपुट फक्त वर्डमध्ये न्यायचं असेल तर तुला तेवढा पुरेल.

लिबव्हर्ट_लाडका:

होस्टच लिनक्स असेल तर हे सगळं सोडा आणि केव्हीएम (लिनक्समधलीच व्हर्च्युअल मशीनची सोय) वापरा, ते हाताळायला व्हर्ट-मॅनेजर टाका. सगळे सांगतात तिथे अवघड आहे, तसं काही नाही, फक्त दोन खाचाखोचा आहेत ज्या कुठे धड लिहिलेल्या नसतात.

क्लिपबोर्डला गेस्टमध्ये स्पाइस-व्हीडीएजंट टाकायचं, आणि मशीनच्या हार्डवेअर यादीत डिस्प्ले स्पाइस हवा, व्हीएनसी नको (दोन्ही गेस्टची स्क्रीन दाखवायच्या पद्धती), शिवाय स्पाइसचा चॅनल असायला हवा, तो बहुतेक आपोआप लागतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मधून स्पाइस काढूनच टाकलंय, त्यामुळे तसला होस्ट असेल तर शोधत बसू नका, नाही मिळणार.

फोल्डर शेअर करायला व्हर्टिओएफएस. ॲड हार्डवेअर, फाइलसिस्टिम, ड्रायव्हर व्हर्टिओएफएस. सोर्स पाथमध्ये होस्टवरच्या फोल्डरचा खरा पत्ता. आणि खाली टार्गेट पाथ म्हणून जो रकाना आहे तिथे सगळे फसतात, नाव पाथ असलं तरी तो पाथ नाहीच, तिथे नुसतं एक लेबल द्यायचं, समजा लॅब. गेस्टमध्ये मग सुडो माउंट -टी व्हर्टिओएफएस लॅब आणि जिथे हवं ते फोल्डर. तिथे स्लॅश एमएनटी वगैरे लिहून ठेवतात आणि आपोआप माउंट होईल म्हणून वाट बघतात. दुसरी खाच, मेमरीच्या पानावर एनेबल शेअर्ड मेमरीला टिक लागतेच, नाहीतर मशीन सुरूच होत नाही. मशीन बंद करून मग टिक करा. गेस्टचा कर्नल ५.४ किंवा पुढचा हवा, तो आता सगळ्यांकडे असतोच.

स्पीडमध्ये व्हीबॉक्सएसएफ याच्या जवळपास पोचत नाही, हे माझं मत, भांडायला मोकळे आहात.

सावंतवाडी_ते_सिॲटल:

लाडका साहेब, एम२ मॅकवर यूटीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारं ॲप) वापरतेय, आत डेबियन लिनक्स. स्पाइस-व्हीडीएजंट टाकल्यावर क्लिपबोर्ड लगेच चालला, पण शेअर केलेल्या फोल्डरमध्ये सगळ्या फाइलींचा मालक ५०१ असा नंबर दिसतो आणि मला लिहिता येत नाही. हे काय प्रकरण?

लिबव्हर्ट_लाडका:

ताई, मॅकवर पहिल्या यूजरचा नंबर ५०१ असतो आणि डेबियन-उबुंटूत १०००. यूटीएमच्या क्यूईएमयू मोडमध्ये फोल्डर ९पी नावाच्या पद्धतीने येतं आणि ते मॅकवरचे नंबर जसेच्या तसे आत पाठवतं, डेबियनला ५०१ कोण हे माहीत नाही. बाइंडएफएस नावाचं पॅकेज टाका, त्याने तेच फोल्डर दुसऱ्या जागी ५०१ ला १००० दाखवत माउंट करता येतं, फाइलींना हात न लावता. यूटीएमच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येही हाच उपाय दिलाय. मॅकच्या बाजूने सीएचओन (मालक बदलणारी कमांड) करायला जाऊ नका, तिकडचं बिघडेल.

दुपारचा_चहा:

कुलूप गेलं, कॉपी-पेस्ट दोन्हीकडे चाललं, कंट्रोल शिफ्ट सीची अजून सवय होतेय पण होईल. सगळ्यांचे खूप आभार __/\__

आता लोभ सुटलाय म्हणून अजून दोन. मी थेट त्या शेअर्ड फोल्डरमध्येच काम करायला लागलो, म्हणजे विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहायचं आणि उबुंटूत रन करायचं. सी चे साधे प्रोग्रॅम चालले. पण शेल स्क्रिप्ट चालवली तर बॅड इंटरप्रीटर, बिन बॅश आणि पुढे टोपी लावलेला एम असं काहीतरी. आणि नेम्ड पाइपचं (एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याला डेटा द्यायची वाट) प्रॅक्टिकल आहे, त्यात तो बनवणारी एमकेफिफो कमांड मारली की ऑपरेशन नॉट परमिटेड. सुडो लावलं तरी तेच. वर्गात शेजारच्याच्या मशीनवर तोच प्रोग्रॅम चालतोय.

कर्नलकाका:

शेजारच्याचा तो होम फोल्डरमध्ये असणार, विचारून बघ.

टोपीवाला एम म्हणजे ओळीच्या शेवटी विंडोज घालतो ते जास्तीचं अक्षर. विंडोज ओळ संपवताना दोन अक्षरं टाकतं, लिनक्स एक. लिनक्सला वाटतं इंटरप्रीटरच्या नावातच तो एम आहे, तसा प्रोग्रॅम कुठे सापडणार. सुडो एपीटी इन्स्टॉल डॉस२युनिक्स, मग डॉस२युनिक्स आणि फाइलचं नाव. नाहीतर नोटपॅड सोड, नोटपॅड++ घे, त्यात एडिट मेनूत ईओएल कन्व्हर्जन आहे, युनिक्स निवड.

एमकेफिफोचं मात्र तिथे काहीच होणार नाही, रूट असलास तरी. नेम्ड पाइप ही फाइलसारखी दिसणारी पण लिनक्स कर्नलच्या हातातली चीज, आणि तुझं फोल्डर खरं तर विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर आहे, व्हीबॉक्सएसएफ नुसता मधला हमाल. त्याला असली फाइल बनवायची सोयच दिलेली नाही, म्हणून नकार. युनिक्स सॉकेटचं प्रॅक्टिकल पुढे येईल तेव्हा बाइंडलाही असाच नकार मिळेल. सिमलिंकपण व्हर्च्युअलबॉक्सने मुद्दाम बंद ठेवलेत, कारण गेस्टमधल्या कुणीतरी होस्टवर भलतीकडे बोट दाखवणारी लिंक बनवली तर पंचाईत. नोडवाले (जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅमर) तिथे एनपीएम इन्स्टॉल ही कमांड मारतात आणि अडकतात ते यामुळेच.

त्यामुळे काम होम फोल्डरमध्ये कर, शेअर्ड फोल्डर फक्त देवाणघेवाणीला. झालं की सीपी -आर ने तिकडे टाकायचं, बस.

शॉर्टकट_सम्राट:

किंवा व्हीएस कोड हा एडिटर विंडोजवर आणि त्यात रिमोट एसएसएच एक्स्टेन्शन (दुसऱ्या मशीनला नेटवर्कवरून जोडणारं). उबुंटूत ओपनएसएसएच-सर्व्हर टाक, व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्कमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगला होस्ट २२२२, गेस्ट २२ दे, मग लोकलहोस्टच्या २२२२ ला जोड. एडिटर विंडोजचा, फाइल लिनक्सच्या होममध्ये, टर्मिनल त्याच खिडकीत, आणि कॉपी-पेस्टला व्हर्च्युअलबॉक्सचा क्लिपबोर्ड लागतच नाही. काका, यात आता चूक काढून दाखवा.

कर्नलकाका:

नाही काढत, हे चांगलंय.

मास्तर_ऑन_ड्यूटी:

थोडं बाजूचं विचारतो. शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका विंडोजवर वर्डमध्ये आहेत, तिथे मराठी नीट दिसतं. उबुंटूत पेस्ट केलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. क्लिपबोर्ड मराठी पाठवत नाही का?

नाव_नको_काम_सांग:

सर, क्लिपबोर्ड मराठी व्यवस्थित पाठवतो, हा धागा इथून कॉपी करून बघा. तुमच्या प्रश्नपत्रिका कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेल्या असणार. त्यात आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात, फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. पेस्ट करताना मजकूर आला, फाँट आला नाही. वर्डमध्येच तो मजकूर सिलेक्ट करून फाँट एरियल करून बघा, विंडोजवरही तोच कचरा दिसेल. आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा, कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण ज्या फाँटाचा मजकूर त्याच फाँटाचा कन्व्हर्टर लागतो, आणि नंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालाच.

आणि युनिकोड मराठी टर्मिनलमध्ये पेस्ट केल्यावर वेलांट्या इकडे तिकडे दिसल्या तर घाबरू नका, नोम टर्मिनलला देवनागरीची जुळणी धड जमत नाही. तोच मजकूर एडिटरमध्ये पेस्ट करून बघा, तिथे नीट दिसेल.